गावावरचं मातीचं धरण कसं तपासायचं: एकदा भरलेलं असताना, एकदा कोरडं असताना

गावाच्या वरच्या अंगाला नाल्यावर आठ-दहा मीटर उंचीचा मातीचा भराव आणि एका टोकाला जादा पाणी वाहून जायला सांडवा. त्याला पाझर तलाव म्हणा की गावतलाव, पुराचा पहिला लोंढा तोच अंगावर घेतो. धरण सुरक्षा कायदा, 2021 हा 15 मीटरपेक्षा उंच धरणांना लागू होतो. 10 ते 15 मीटरमधली धरणं काही अटींवरच त्यात येतात. त्याहून बुटक्या भरावांवर लक्ष ठेवणं बरंचसं गावाच्याच हाती असतं.

पावसाळापूर्व तपासणी मे महिन्यात करायची पद्धत आहे. तेव्हा तलावात पाणी नसतं, आणि कोरडा तलाव गळत नाही. कागदावर ‘गळती नाही’ असं लिहिलं जातं, ते खरंही असतं आणि निरुपयोगीही. म्हणून तपासणी दोनदा करा: तलाव तुडुंब असताना, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरात, आणि तळ उघडा पडल्यावर मे महिन्यात. ऑक्टोबरात दुखणं सापडतं, मे महिन्यात त्यावर इलाज करता येतो.

ऑक्टोबरची फेरी

सोबत पाच जण, 30 मीटरचा टेप, खुंट्या, 15 लिटरची बादली, घड्याळ असलेला मोबाइल, काचेची पारदर्शक बाटली आणि वही. भरावावर चढण्याआधी कोरड्या बाजूच्या पायथ्याने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाला. एकमेकांत तीन-चार मीटर अंतर ठेवून सगळे एका ओळीत, म्हणजे मधली जागा सुटत नाही. भराव डोंगराला टेकतो ती दोन्ही टोकं आणि विमोचकाचा, म्हणजे तलावातलं पाणी सोडायच्या झडपेचा, पाइप बाहेर पडतो ती जागा, इथे थांबून नीट बघा. जुन्या नाल्याचं पात्र भरावाखालून जिथून जातं तिथेही.

पायथ्याशी थोडा ओलावा असणं म्हणजे धोका नव्हे. मातीचं धरण थोडं पाझरतंच. पायथ्याची दगडी गाळणी त्याच पाण्याला वाट देण्यासाठी असते. तीन गोष्टी पाहा: पाणी कुठून येतं, किती येतं आणि कसं दिसतं. गाळणीतून आलेलं स्वच्छ पाणी चालतं. तेच पाणी उतारावर मध्येच, पायथ्याच्या वर फुटत असेल तर पाझराची रेषा, म्हणजे भरावाच्या आतल्या पाण्याची वरची पातळी, चढली आहे आणि उतार घसरू शकतो. पाणी बाटलीत भरून दहा मिनिटं ठेवा. तळाला माती बसली तर पाण्यासोबत भराव आतून वाहून चाललाय. आत पोकळी वाढत जाते, वरून काहीच दिसत नाही, आणि एके रात्री माथा खचतो.

पाणी मोजणं सोपं आहे. छोटा पाट काढून धार एका जागी आणा आणि बादली किती सेकंदांत भरते ते लिहा. 15 लिटरला 30 सेकंद लागले तर मिनिटाला 30 लिटर. सोबत तलावाची पातळीही लिहा, नाहीतर आकड्याला अर्थ राहत नाही. पातळी तेवढीच असताना गळती गेल्या वर्षीपेक्षा वाढली, तर पाणी स्वच्छ असलं तरी जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधारे किंवा मृद व जलसंधारण कार्यालयाला लेखी कळवा. फोनवरचं सांगणं कुणी जपून ठेवत नाही. गळतीच्या जागी खुंटी ठोका, कारण मे महिन्यात ती जागा डोळ्यांना सापडणार नाही.

मे महिन्याची फेरी

आधी माथा. गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी घ्या आणि दर 10 मीटरला माथ्याची उंची तपासा. पुराचं पाणी भरावाच्या सरासरी उंचीवरून जात नाही, सगळ्यात खोलगट जागेवरून जातं. बैलगाडी, ट्रॅक्टर, जनावरं जिथून ओलांडतात तिथे माथा हमखास अर्धा फूट बसलेला असतो. एवढीशी खळगीसुद्धा अख्खं धरण फोडायला पुरते, कारण माथ्यावरून वाहणारं पाणी कोरड्या बाजूची माती खालून वर कुरतडत येतं.

खळगा भरताना वरून मुरमाचे डंपर ओतू नका. जुनी सैल माती काढा, पृष्ठभाग ओरबाडा, कडेला पायऱ्या कापा, पाणी शिंपडा. मग 15 सेंटिमीटरचा थर पसरून रोलरने किंवा धुम्मसाने दाबा आणि त्यावर पुढचा थर द्या. मातीची ओल मुठीने तपासा: गोळा वळला पाहिजे, हाताला पाणी लागता कामा नये, आणि कमरेएवढ्या उंचीवरून टाकल्यावर त्याचे चार-पाच तुकडे व्हावेत. भुगा झाला तर माती कोरडी, चपटा झाला तर फार ओली. मधल्या गाभ्यात काळी माती, बाहेर मुरूम. ही अदलाबदल झाली की काळी माती उन्हात भेगाळते.

भेगांमध्ये फरक करा. माथ्याच्या लांबीच्या दिशेने जाणारी भेग बहुतेक वेळा भराव बसल्याची किंवा उतार सरकू लागल्याची असते. तिच्या दोन कडांमध्ये उंचीचा फरक पडला असेल तर ती गंभीर समजा. पाण्याकडून कोरड्या बाजूला आडवी जाणारी भेग केसाएवढी असली तरी आधी तीच घ्या, पाण्याला ती सरळ रस्ता देते. भेगेत चुन्याचं पातळ पाणी ओता आणि पांढऱ्या खुणेचा माग काढत खणा. खूण संपली की आणखी 30 सेंटिमीटर खाली जा आणि तो चर थराथराने भरा. वरून माती ढकलून भेग झाकली की नुसती नजरेआड होते.

झाडं. हरळी हवी, बाभूळ नको. कोरड्या उतारावरची हरळी पावसाचे ओघळ थांबवते. वेडी बाभूळ, सुबाभूळ, रुई मात्र मनगटाएवढी होण्याआधीच मुळासकट काढा. मोठं झाड नुसतं कापलं तर मुळं कुजतात आणि भरावात आयतं भुयार तयार होतं. तलाव कोरडा असतानाच खोड आणि जाड मुळं उकरून तो खड्डा वरच्याच पद्धतीने भरावा लागतो.

बिळं आणि वारुळं. 2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, तेव्हा खेकड्यांना दोष दिला गेला आणि त्यावर राज्यभर हसू झालं. हसण्यासारखं होतंच. पण खेकडे, घुशी, साळिंदर भराव पोखरतात हेही खरं. बीळ दिसतं, म्हणून ते वेळेत बुजवता येतं, इतकाच त्याचा अर्थ. बिळाच्या तोंडात पाइपचा तुकडा उभा रोवा, नऊ घमेली चाळलेली माती आणि एक घमेलं सिमेंट यांची ताकासारखी पातळ रबडी करा आणि बीळ वरपर्यंत भरेतो ओतत राहा.

गाळ काढताना सगळ्यात जास्त चूक होते. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजनेतून गाळ शेतात जातो, चांगलंच आहे. पण गाळ संपून मुरूम लागला की जेसीबी थांबवा, आणि भरावाच्या आतल्या पायथ्यालगत खणूच नका. तिथला गाळ तळाची गळती अडवत असतो. शिवाय पायथा उकरला की वरचं दगडी पिचिंग, म्हणजे उतारावर रचलेलं दगडांचं अस्तर, खाली घसरतं. किती अंतर सोडायचं ते अभियंत्याकडून चुन्याने आखून घ्या.

सांडवा: इथे भिडस्तपणा नको

पाणी जास्त साठावं म्हणून सांडव्यावर गोण्या रचायच्या किंवा दगडमातीचा बांध घालायचा, ही गावोगावची सवय. हिशेब करून बघा. 20 मीटर रुंद सांडव्यावरून 1 मीटर जाडीचं पाणी गेलं तर सेकंदाला साधारण 34 घनमीटर पाणी निघतं. 30 सेंटिमीटर उंचीच्या गोण्या रचल्या, तर तलावाच्या त्याच पातळीला जेमतेम 20 घनमीटर निघेल. उरलेलं पाणी माथ्याकडे चढतं. एक फूट गोण्यांनी पुराची 40 टक्के वाट बुजते.

सांडव्याची रुंदी आराखड्याशी ताडून बघा, झुडपं आणि दरड काढा. सांडव्याचं पाणी नेणाऱ्या पुढच्या चरात कुणी वाफे पाडले असतील तर ते हटवायला लावा, माणूस भावकीतला असला तरी. चराच्या शेवटी धबधब्यासारखी पडझड होऊन ती मागे सांडव्याकडे सरकत असेल तर तिथे दगडी भिंत लागेल. ते काम खात्याचं.

विमोचकाची झडप उन्हाळ्यात ग्रीस लावून पूर्ण उघडून-मिटून बघा. जूनमध्ये ती उघडी ठेवली तर पहिल्या मोठ्या पुराला तलावात जागा मिळते. आधीच भरलेला तलाव पुराला फारसा अडवत नाही.

पाणी चढत असताना

सांडवा वाहू लागला की दर दोन-तीन तासांनी फेरी. रात्री बॅटरी घेऊन दोघांनी जायचं, एकट्याने नाही.

पायथ्याशी पाणी उकळल्यासारखं वर येऊन भोवती रेतीचं कडं साचलं, तर ते चिखलाने किंवा काळ्या मातीने बंद करू नका. पाणी दुसरीकडून फुटेल, अधिक जोरात. त्यावर उलटी गाळणी टाका: आधी एक फूट जाड रेती, वर 10 ते 20 मिलिमीटरची खडी, वर मोठे दगड. पाणी निघू द्यायचं, माती अडवायची. भोवती वाळूच्या गोण्यांचं कडं करून आत थोडं पाणी चढू दिलं तर जोर कमी होतो. झडप पूर्ण उघडा.

पाण्याकडच्या बाजूला भोवरा दिसला, गळती गढूळ होऊन वाढत गेली, किंवा माथा खचायला लागला, तर दुरुस्तीत अडकू नका. पानशेतला 12 जुलै 1961 रोजी खचणारा भराव वाळूच्या गोण्यांनी वाचवायची धडपड झाली होती, तरी धरण गेलं. एकाने 1077 वर जिल्हा आपत्ती कक्षाला कळवावं, दुसऱ्याने पोलीस पाटलांना. भोंगा वाजवून नाल्याकाठची घरं त्याच क्षणी रिकामी करा, आणि लोकांना नाला न ओलांडता आपल्याच काठावरच्या उंच जागेकडे न्या. ही जागा कोणती, ते मे महिन्यातच ठरवून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहून ठेवलेलं असावं.