ट्रायल बॅलन्स जुळला म्हणजे झालं नाही: जिनिंग कंपनीच्या वर्षअखेरीत या चुका टाळा

हिंगणघाट, वणी, पांढरकवडा पट्ट्यात ३१ मार्चला यार्डात कापसाच्या गंज्या असतात, गोदामात रुईच्या गाठी आणि बाजूला सरकी, म्हणजे कापसाचं बी. त्यामुळे ट्रायल बॅलन्स (सगळ्या खात्यांच्या नावे-जमा शिल्लकांची यादी) जुळला, तरी कापसातून रुई आणि सरकी वेगळी करणाऱ्या मोठ्या जिनिंग कंपनीचा ताळेबंद बहुतेक वेळा स्टॉकमध्येच फसतो. अखेरचा स्टॉक जास्त धरला की नफाही तेवढाच फुगतो आणि ताळेबंदाच्या दोन्ही बाजू तरीही बिनबोभाट जुळतात.

टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधली ‘खरेदी वजा वापर’ ही शिल्लक जशीच्या तशी उचलू नका. डिसेंबरात ओला आलेला कापूस मार्चपर्यंत सुकून हलका होतो. गंजी काट्यावर चढवता येत नाही, पण गाठी मोजता येतात. १०० क्विंटल कापसातून साधारण ३४ क्विंटल रुई, म्हणजे १७० किलोच्या २० गाठी, आणि ६४ क्विंटलच्या आसपास सरकी निघते, उरलेली घट. वर्षभरात बांधलेल्या गाठींवरून किती कापूस लागायला हवा होता ते काढा आणि वहीतल्या वापराशी ताडून बघा. फरक मोठा निघाला तर आधी काटा पावत्या काढा, मग अकाउंटंटला धारेवर धरा.

याहून महागात पडणारी चूक म्हणजे कापसाचा खर्च रुई आणि सरकीवर वजनाने वाटणे. तसं केलं की जवळपास दोन तृतीयांश खर्च सरकीच्या बोकांडी बसतो, रुई फुकटात पडल्यासारखी दिसते. वाटणी विक्रीमूल्याच्या प्रमाणात करा आणि दरवर्षी तीच पद्धत ठेवा. त्यानंतर बाजारभाव पाहा: विक्रीचा खर्च वजा जाऊन हाती पडणारी रक्कम लागतीपेक्षा कमी असेल, तर स्टॉक त्याच रकमेला धरायचा. भाव वाढेल या आशेला ताळेबंदात जागा नाही.

मिलपोच सौद्याच्या, म्हणजे मिलमध्ये पोचल्यावरच विकल्या गेल्या असं धरायच्या, गाठी ३१ तारखेला ट्रकमध्ये असतील तर त्या अजून आपल्याच. बिल फाडून विक्रीत धरल्या आणि स्टॉकमध्येही मोजल्या, असं सर्रास होतं. बिल्टीची (ट्रकवाल्याच्या मालपावतीची) तारीख नाही, मिलच्या पोचपावतीची तारीख पाहा.

देण्यांकडे वळलं की मार्चचं वीजबिल, हमाली, मार्चचा टीडीएस आणि शेतकऱ्यांकडून घेतलेल्या कापसावर कंपनीने स्वतः भरायचा जीएसटी हमखास सुटतो. पैसे एप्रिलमध्ये जातात, पण देणं मार्चचंच. आपण दिलेला, पण तीन महिने उलटूनही न वटलेला चेक बँक जुळणीत (वही आणि बँक खात्यातला फरक जुळवण्याच्या तक्त्यात) लोंबकळत ठेवू नका. ती रक्कम पुन्हा देण्यांच्या यादीत घ्या. अडत्याला दिलेली उचल (आगाऊ रक्कम) इतर धनकोंच्या, म्हणजे ज्यांचे पैसे द्यायचे आहेत त्यांच्या, शिल्लकेतून वजा करून निव्वळ आकडा दाखवणं तर नकोच. ती मालमत्तेच्या बाजूला स्वतंत्र जाते.

शेवटी मार्चचं बँकेला दिलेलं स्टॉक स्टेटमेंट समोर ठेवा. खेळत्या भांडवलाची मंजुरी ५ कोटींच्या वर असेल, तर ते वह्यांशी जुळतं की नाही हे लेखापरीक्षकाला अहवालात लिहावंच लागतं.