दुधी धरेना, मग लाल दोरा बांधला

भाद्रपदात आमची परसबाग अगदी भरात असते. तेरडा उतरणीला, झेंडूला कळ्या, कुंपणभर गोकर्ण. भेंडीकडे दोन दिवस बघितलं नाही की जून होते. यंदा रुसला तो मांडवावरचा दुधी. बोटाएवढं फळ दिसायचं, पिवळं पडून गळायचं. मी खताला दोष दिला, शेणखत वाढवलं, तर नुसता पाला माजला!

एका संध्याकाळी गुलबाक्षी फुलताना मांडवाखाली उभी होते, तेव्हा ट्यूब पेटली. दुधीची पांढरी फुलंही याच वेळी उमलतात. मधमाश्या तोवर परतलेल्या, मग नर फुलातला पराग मादी फुलापर्यंत नेणार कोण?

नर फुलाचा देठ लांब, सडपातळ. मादी फुलामागे इवलासा लवदार दुधी. साडेसहाला ताजं नर फूल तोडलं, पाकळ्या काढल्या आणि आतला पराग मादी फुलाच्या मधोमध हलकेच फिरवला. खुणेला देठाशी लाल दोरा, सैलसर. सात फुलांपैकी पाच धरली. पंधरवड्यात पहिला दुधी काढला, नख सहज रुतत होतं. (लाल भोपळ्याला हेच सकाळी लवकर करायचं, त्याची फुलं पहाटे उमलतात.)

सासूबाईंच्या मते दोऱ्यामुळे दृष्ट उतरली.