बेळगावात आलात, आता कुठल्या मंडळीत (चर्चमध्ये) जायचं?

नगर, सोलापूर, मिरजेकडून नोकरीसाठी किंवा लग्न होऊन बेळगाव, निपाणी, खानापूर भागात आलेली आपली प्रोटेस्टंट ख्रिस्ती माणसं पहिल्याच रविवारी विचारतात, मराठी उपासना कुठे असते? मीही असाच तिकडून आलेला, म्हणून हा प्रश्न चांगला कळतो. तरी सांगतो, भाषा नंतर बघा, आधी उपासनेची पद्धत बघा. कन्नड गीतं काही महिन्यांत तोंडात बसतात. पण ज्याला छापील क्रमाची, शांतपणे गुडघे टेकण्याची सवय आहे, त्याचं मन टाळ्या आणि ड्रमच्या गजरात केवळ ती आराधना मराठीत आहे म्हणून रमत नाही. उलटंही तितकंच खरं.

इथली मांडणी आपल्याकडच्यापेक्षा वेगळी आहे. नगर-सोलापूरकडच्या अनेक मंडळ्या १९७० साली नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या संयुक्त प्रोटेस्टंट चर्चमध्ये गेल्या. मेथडिस्ट हा प्रोटेस्टंटांचाच एक पंथ, पण ते त्यात सामील झाले नाहीत, आणि बेळगावात मेथडिस्टांचंच काम मोठं. १८२० साली लंडन मिशन या इंग्रज मिशनरी संस्थेने इथे सुरू केलेलं काम पुढे त्यांच्याकडे आलं. धारवाडकडे गेलात की बासेल मिशन या स्वित्झर्लंडच्या मिशनरी संस्थेची मुळं असलेलं चर्च ऑफ साउथ इंडिया, म्हणजे दक्षिणेतलं तसंच संयुक्त चर्च. कॅथलिकांचा बेळगाव धर्मप्रांत १९५३ चा. त्यात गोव्याकडून आलेली कोंकणी घराणी बरीच, त्यामुळे कुठल्या भाषेतली मिस्सा (कॅथलिक उपासना) किती वाजता, हे त्या त्या चर्चमध्येच विचारून घ्या.

मेथडिस्ट मंडळीत आपल्या लोकांना फार जड जात नाही. एक मात्र ध्यानात ठेवा. तिथल्या पाळकांच्या (पास्टरांच्या) नेमणुका बिशप वार्षिक परिषदेत करतात, बदल्या होत राहतात. एखाद्या पाळकांचा उपदेश आवडला म्हणून मंडळी निवडू नका. जिथले शेजारी बाकावरचे लोक तुमच्या घरी आजारपणात येतील, ती निवडा.

कन्नड उपासनेला पहिल्यांदा जाल तेव्हा प्रभूची प्रार्थना सुरू झाली की गप्प उभे राहू नका. सगळे ‘परलोकदल्लिरुव नम्म तंदेये’ म्हणत असताना तुम्ही हळू आवाजात ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हणा. कोणी वळून बघत नाही. गीतांसाठी एक वही करा, शेजारच्या ताईंकडून ओळी विचारून देवनागरीत उतरवून घ्या. अशा वहीतूनच ओळखी होतात, आणि पुढच्या रविवारी त्याच ताई तुमच्यासाठी जागा धरून ठेवतात. गावाकडच्या मंडळ्यांमध्ये चपला दाराशी काढतात, पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला बसतात, डोक्यावर पदर असतो. आत शिरण्याआधी जरा बघून घ्या.

कॅथलिक घरात सून म्हणून आलेल्या मुलींना जास्त धीर लागतो. मिस्सेला जा, वाचनं ऐका, पण ख्रिस्तप्रसादाच्या (मिस्सेत देतात त्या पवित्र भाकरीच्या) रांगेत लागू नका. त्यांच्या नियमाने तो रीतसर स्वीकारलेल्यांनाच मिळतो, यात तुमचा अपमान नाही. पुढेमागे त्या चर्चमध्ये जायचं ठरवलंत, तर पाण्याने आणि पिता, पुत्र, पवित्र आत्म्याच्या नावाने झालेला तुमचा बाप्तिस्मा ते मान्य धरतात, पुन्हा देत नाहीत. काही महिने शिकवण घेऊन विश्वास जाहीर करावा लागतो. सासरच्यांनी घाई केली तरी फादरांशी स्वतः बोला. हा निर्णय तुमचा आहे.

पवित्र आत्म्याच्या दानांवर भर देणाऱ्या पेंटेकॉस्टल मंडळीत मात्र बहुधा पाण्यात बुडवून पुन्हा बाप्तिस्मा घ्यायला सांगतात. तिथली मोठ्याने, एकदम सगळ्यांची प्रार्थना पहिल्यांदा अंगावर येते, पण ती माणसं मनापासून हाक मारत असतात, हे मी जवळून पाहिलंय. एकट्याने आलेल्या पोराला इतक्या मायेने कोणी जेवायला बसवत नाही. जायला हरकत नाही. बाप्तिस्म्याचा निर्णय तेवढा पहिल्या भारावलेल्या महिन्यात घेऊ नका. आधी गावाकडच्या पाळकांना आणि आईवडिलांना फोन करा.

आणि कागद. जुन्या मंडळीचं सभासदत्वाचं पत्र आणि बाप्तिस्म्याचा दाखला निघतानाच आणा, नसेल तर आता मागवा. कॅथलिक चर्चमध्ये लग्न असेल तर कॅथलिक बाजूचा दाखला साधारण सहा महिन्यांच्या आतला लागतो, तोही वेळेत मागवायला सांगा. कुठेच नाव न नोंदवता वर्षानुवर्षं पाहुण्यासारखं येणारी घरं मी पाहतो. घरात कोणी गेलं की कबरस्तानातल्या जागेसाठी त्यांची धावपळ होते. म्हणून पत्र घेऊन पाळकांना भेटा, नाव नोंदवा, आणि वर्गणी महिन्याच्या महिन्याला द्या.