गाडी विकली म्हणजे सुटलो असं नसतं! ट्रॅफिक चलनाच्या या चुका टाळा

ड्रायव्हिंग स्कूल चालवतो त्यामुळे रोज कुणी ना कुणी टेबलासमोर येऊन बसतं, "दादा, एवढं चलन कमी होईल का?" डिसेंबर २०२१ पासून महाराष्ट्रात दंड वाढलेत, लायसन नसताना गाडी चालवली की ५,००० रुपये, पण लोकांच्या डोक्यात अजून शंभर-दोनशेचाच हिशोब.

माझं सगळ्यात जास्त डोकं फिरतं ते गाडी विकून नाव ट्रान्सफर न करणाऱ्यांवर. आमच्या गल्लीतल्या एका रिटायर्ड काकांनी जुनी ॲक्टिव्हा भाच्याच्या मित्राला दिली, स्टॅम्प पेपरवर सह्या झाल्या, पैसे मोजून घेतले, विषय संपला. मग काकांच्या मोबाईलवर मेसेज सुरू, ट्रिपल सीट, विदाउट हेल्मेट, सिग्नल तोडला. एका फोटोत तर मागची दोन पोरं दात काढून हसतायत आणि खाली मालक म्हणून काकांचं नाव. काका मला म्हणे, "माझा काय संबंध, नोटरी आहे माझ्याकडे." अहो काका, नोटरी कपाटात, आरसीवर नाव तुमचंच ना! २०१८ साली सुप्रीम कोर्टानेही अपघाताच्या भरपाईच्या केसमध्ये हेच सांगितलं, रजिस्ट्रेशन ज्याच्या नावावर तोच मालक, गाडी मधे कितीही हातांतून गेलेली असो. म्हणजे चलन किरकोळच म्हणायचं, त्या पोराने कुणाला उडवलं असतं आणि इन्शुरन्स संपलेला असता तर काकांची पेन्शन गेली असती. पोरगा फोन उचलेना, शेवटी चलनं काकांनीच भरली.

माझी पद्धत सरळ आहे. नाव ट्रान्सफरचे फॉर्म २९ आणि ३० समोर बसूनच भरायचे, ३० वर घेणाऱ्याची सही तिथेच घ्यायची, ट्रान्सफरचा अर्ज पडून त्याची पावती हातात येईपर्यंत घेणाऱ्याचे थोडे पैसे डिपॉझिट म्हणून आपल्याकडे अडकवून ठेवायचे. समोरचा चिडला तर चिडू दे, "नंतर करू की" म्हणणाऱ्याला मी गाडीच देत नाही.

दुसरं, "मला मेसेजच आला नाही." कसा येईल, आरसीला मोबाईल नंबर शोरूमच्या पोराचा नाहीतर तुमचं बंद पडलेलं सिम! परिवहनच्या साइटवर नंबर बदलून घ्या. मी मेसेजची वाटच बघत नाही, अधूनमधून महाट्रॅफिकच्या साइटवर गाडी नंबर आणि चेसिसचे शेवटचे चार आकडे टाकून स्वतःच बघतो. आणि व्हॉट्सॲपवर चलनाच्या नावाने एपीके फाइल (मोबाईलमध्ये ॲप बसवणारी) आली तर उघडू नका, पाचशेच्या भीतीने अख्खं खातं साफ होतं.

पोरगं दहावी पास झालं म्हणून चावी देणारे बाप वेगळेच. १८ च्या आतल्याने गाडी चालवताना काही गुन्हा केला तर कायद्यात पालकाला किंवा मालकाला २५,००० दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद आहे, गाडीचं रजिस्ट्रेशन वर्षभर रद्द, पोराला २५ वय होईपर्यंत लायसन नाही. गल्लीतल्या गल्लीत चालवतो म्हणे! गल्लीला वेगळा कायदा आहे का?

बाकी थोडक्यात. हेल्मेट मागच्यालाही लागतं, आरशाला नाही. गाडी चालवताना मोबाईलवर बोललात तर टू व्हीलरला १,०००, कारला २,०००. इन्शुरन्स नसेल तर पहिल्यांदा २,०००, परत सापडलात तर ४,०००. गॅलरीतला लायसनचा फोटो दाखवू नका, डिजीलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमधलं चालतं. दारू पिऊन चालवली तर जागेवर दंड भरून सुटका नाही, थेट कोर्ट.

आणि नवशिक्यांनो, लर्निंग काढल्यावर ३० दिवस थांबावंच लागतं, "दादा काहीतरी करून आठवड्यात पक्कं द्या" हे माझ्याकडे चालत नाही. तोवर गाडीला लाल एल लावा आणि शेजारी लायसनवाला माणूस बसवा, मागच्या सीटवर बसून रील बघणारा मेहुणा नको.