जिल्हा क्रिकेट संघटना चालवताय? या चुका टाळा

जिल्हा संघटनेचं खरं काम एकच आहे. आपल्या हद्दीतल्या मुलामुलींना वर्षभर पुरेसे, पूर्ण लांबीचे आणि नीट नोंद ठेवलेले सामने मिळवून द्यायचे. बाकी सगळं त्यानंतर. तरी नवी कार्यकारिणी आली की पहिल्या दोन महिन्यांत काय होतं? नवं बोधचिन्ह येतं, किट वाटली जाते, एखाद्या माजी रणजीपटूच्या हस्ते शिबिराचं उद्घाटन होतं आणि निवड चाचणीची जाहिरात झळकते. साखळी सामन्यांचं वेळापत्रक मात्र 'पुढच्या बैठकीत ठरवू' यावरच अडकून राहतं. मग दोन वर्षांनी हेच लोक विचारतात की आपला एकही मुलगा महाराष्ट्राच्या संघात का नाही.

निवड चाचणीवर विसंबून संघ निवडणं

ही चूक मी सगळ्यात जास्त वेळा पाहिली आहे आणि तिच्याबद्दल मी शांतपणे बोलू शकत नाही.

चाचणीला तीन-चारशे मुलं येतात, नेट असतात दोन. फलंदाजाच्या वाट्याला सहा-आठ चेंडू येतात. तेही अशा मुलाकडून, ज्याला स्वतःलाच निवडून यायचं असतं आणि म्हणून तो जीव खाऊन आखूड टप्प्याचे चेंडू टाकत असतो. लांबच्या तालुक्यातून पहाटेच्या एसटीने आलेला मुलगा रिकाम्या पोटी पॅड बांधतो. अशा वेळी निवड समितीच्या नजरेत काय भरतं? महागडी बॅट, देखणा स्टान्स आणि खणखणीत बसलेला एक ड्राइव्ह. दीड तास खेळपट्टीवर उभं राहायची चिकाटी त्या आठ चेंडूंत दिसत नाही. पाच बाद साठ असताना मुलगा काय करतो, हेही दिसत नाही. फिरकी गोलंदाजाचे हाल तर विचारू नका. फलंदाज ओळखायलाच त्याला दोन षटकं लागतात आणि त्याला मिळतात सहा चेंडू, तेही सिमेंटवर अंथरलेल्या मॅटवर.

एका जिल्ह्यात सोळा वर्षांखालचा एक ऑफस्पिनर अशाच चाचणीत पहिल्या फेरीत गळाला. त्याच्या नावापुढे शेरा होता, 'वेग कमी'. त्या हंगामात तालुक्याच्या साखळीत सर्वांत जास्त बळी त्याचेच होते. पण त्या सामन्यांची धावपत्रकं निवड समितीतल्या कोणी मागवलीच नव्हती. ती स्पर्धा घेणाऱ्या क्लबच्या कपाटात पडून होती. पुढच्या वर्षी मुलगा चाचणीलाच आला नाही. टेनिस बॉलच्या स्पर्धांत त्याला मान आणि बक्षीस दोन्ही मिळत होतं, मग तो कशाला येईल?

माझी पद्धत सोपी आहे. आधी हंगामाची सगळी धावपत्रकं एका टेबलावर पसरायची आणि पहिली पंचवीस-तीस नावं तिथूनच काढायची. ज्या तालुक्यांत सामनेच झाले नाहीत तिथल्या मुलांपुरती चाचणी घ्यायची, तीही नेटमध्ये नाही. चार संघ पाडायचे आणि दोन-दोन दिवसांचे सामने खेळवायचे. निवड समितीने मंडपात पाहुण्यांशेजारी बसायचं नाही, साइटस्क्रीनच्या, म्हणजे गोलंदाजामागच्या पडद्याच्या, बाजूला खुर्च्या टाकायच्या. पहिल्या दिवशी कोणी कोणाची शिफारस करायची नाही. "एवढा वेळ कुठाय" असं म्हणणाऱ्या सदस्याने निवड समितीत बसूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. वेळ देणं हेच तर त्या समितीचं काम आहे.

वेगवान गोलंदाजाला राबवणं

जिल्ह्याला एक खरा वेगवान मुलगा सापडला की मोठी माणसं शहाणपण गमावतात. निमंत्रितांच्या साखळीत पुण्याच्या तगड्या क्लबशी सामना असतो, विकेट लवकर हव्या असतात, आणि चेंडू त्याच्याच हातात जातो.

पंधरा वर्षांचा असाच एक मुलगा होता. उंच, मोकळी ॲक्शन, चेंडू उशिरा बाहेर काढायचा. लागोपाठच्या तीन सामन्यांत त्याला एका टोकाकडून जवळजवळ सतत वापरलं. मधल्या दिवशी नेटमध्येही तोच, कारण आपल्या फलंदाजांना 'वेगाची सवय' हवी होती. कंबरेत डाव्या बाजूला दुखतंय, असं त्याने व्यवस्थापकाला सांगितलं. त्याला स्प्रे मारला, गोळी दिली आणि पुन्हा मैदानात पाठवलं. सामना जिंकला, वर्तमानपत्रात फोटो आला. पुढच्या महिन्यात मुलाला वाकून बूट बांधता येईना. साध्या एक्स-रेमध्ये काही दिसलं नाही म्हणून घरच्यांनी अजून काही आठवडे काढले. एमआरआय केल्यावर कळलं की कंबरेच्या मणक्याला स्ट्रेस फ्रॅक्चर आहे. परतला तेव्हा त्याचा वेग गेलेला होता आणि धावत येतानाची बेफिकिरीही.

उजव्या हाताने टाकणाऱ्या पोरसवदा गोलंदाजाचं डाव्या बाजूला कमरेत दुखणं ही धोक्याची ठरलेली खूण आहे. या वयात मणक्याची हाडं पक्की झालेली नसतात, आणि चेंडू सोडताना शरीर वाकतं-वळतं त्याचा सगळा ताण विरुद्ध बाजूच्या त्या एका पातळ भागावर येतो. जसप्रीत बुमराहसारख्या कमावलेल्या शरीराच्या माणसालाही पाठीच्या दुखण्याने शस्त्रक्रियेपर्यंत नेलं. शाळकरी मुलाची काय कथा!

इंग्लंडच्या बोर्डाने वर्षानुवर्षं वापरलेली मर्यादा मला व्यवहाराला धरून वाटते: तेरा वर्षांपर्यंत एका स्पेलमध्ये, म्हणजे एका दमात, ५ आणि दिवसात १० षटकं, पंधरा वर्षांखाली ६ आणि १२, सतरा वर्षांखाली ७ आणि १८. ही मर्यादा प्रशिक्षकाच्या सद्बुद्धीवर सोडू नका. ती स्पर्धेच्या नियमावलीत छापा, म्हणजे पंचच चेंडू काढून घेतील आणि कर्णधारावर दडपण येणार नाही. माझ्या खिशात एक छोटी वही असते. तिच्यात प्रत्येक वेगवान मुलाने आठवड्यात किती चेंडू टाकले ते नेटसकट लिहिलेलं असतं. मुलगा 'दुखतंय' म्हणाला की त्या दिवशी त्याची गोलंदाजी बंद, मग सामना अंतिम का असेना. या नियमामुळे मी सामने हरताना पाहिले आहेत आणि तरीही नियम बदललेला नाही.

सगळा हंगाम वीस षटकांत उरकणं

महाराष्ट्र प्रीमियर लीग ही वीस षटकांची स्पर्धा २०२३ मध्ये सुरू झाली आणि जिल्ह्याजिल्ह्यांत तिच्या नकला निघाल्या. प्रौढ खेळाडूंसाठी ठीक आहे. पण चौदा-सोळा वर्षांच्या मुलांचीही अख्खी स्पर्धा वीस षटकांची, एका दिवसात दोन सामने, रविवारी अंतिम फेरी आणि आमदारांच्या हस्ते करंडक, हे थांबवा.

या मुलांना पुढे जायचं कुठे आहे? राज्य संघांमधल्या स्पर्धांत सोळा वर्षांखालच्या विजय मर्चंट करंडकाचे सामने तीन दिवसांचे असतात, एकोणीस वर्षांखालच्या कूच बिहार करंडकाचे चार दिवसांचे. ज्याने आयुष्यात कधी ऐंशी षटकं क्षेत्ररक्षण केलेलं नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गार्ड घेतलेला नाही, तो तिथे पहिल्याच दुपारी उघडा पडतो. मग आपण म्हणतो, पुण्याच्या मुलांनाच संधी मिळते.

मुंबईकडे बघा. क्लबांची कांगा लीग १९४८ पासून ऐन पावसाळ्यात, न झाकलेल्या खेळपट्ट्यांवर खेळवली जाते. तिथे धावा करायच्या तर चेंडू शेवटपर्यंत बघावाच लागतो. शालेय, क्लब आणि ऑफिस क्रिकेटच्या अशा थरांवर मुंबईचे ४२ रणजी करंडक उभे आहेत. विदर्भाने पहिला करंडक २०१७-१८ मध्ये जिंकला तेव्हा सगळं श्रेय प्रशिक्षक चंद्रकांत पंडित यांना देऊन लोक मोकळे झाले. पंडितांचा वाटा मोठा आहेच, पण त्याआधी वर्षानुवर्षं तिथे वयोगटाच्या निवासी अकादमीत मुलं घडवली जात होती. मुंबई आणि विदर्भ वगळून उरलेल्या आपल्या महाराष्ट्र संघाच्या नावावर कर्णधार दि. ब. देवधरांच्या काळातले १९३९-४० आणि १९४०-४१ असे दोनच करंडक आहेत. ही खंत ज्याला आहे त्याने आपल्या जिल्ह्यात दोन दिवसांची साखळी सुरू करावी. संघ सहाच असले तरी चालेल.

वेळापत्रक नेहमी उलटं बांधत या. एकोणीस वर्षांखालची विनू मांकड एकदिवसीय स्पर्धा साधारण ऑक्टोबरमध्ये सुरू होते आणि त्याआधीचे चार महिने पावसाचे. म्हणजे मुलाला जे दाखवायचं ते त्याआधीच दाखवावं लागतं. मार्चमध्ये परीक्षा. तुम्ही मेच्या शेवटच्या आठवड्यात घाईघाईने स्पर्धा उरकली तर ती कोणाच्या उपयोगाची? डिसेंबर ते फेब्रुवारी हे सोन्यासारखे महिने टेनिस बॉलच्या स्पर्धांना मैदान भाड्याने देण्यात घालवू नका.

आणखी काही

मॅटवर वाढलेला मुलगा चेंडू कमरेपर्यंत येणार हे धरूनच खेळतो. टर्फवर, म्हणजे मातीच्या खेळपट्टीवर, तोच चेंडू खाली राहिला की तो पायचीत होतो. पॅव्हेलियनच्या फरशीआधी दोन टर्फ विकेट आणि एक चांगला रोलर घ्या. काळी माती पाणी दिल्यावर कधी रोल करायची हे माळ्याला कळायला दोन हंगाम जातात, तेवढे जाऊ द्या. खेळपट्टी सुकली का, हे बघायला मी अजूनही किल्ली रोवून बघतो. सामना आहे म्हणून ओलसर विकेटवर खेळवण्याचा हट्ट धरणाऱ्यांनी एकदा त्या विकेटवर पडलेल्या खड्ड्यांची डागडुजी स्वतः करून बघावी. बीडसारख्या जिल्ह्यातला सचिन धस २०२४ च्या एकोणीस वर्षांखालच्या विश्वचषकात, उपांत्य सामन्यात चार बाद ३२ वरून ९६ धावा करून जातो. तेव्हा 'आपल्याकडे सोयी नाहीत' हे कारण जरा जपून वापरा.

धावपत्रक राखीव खेळाडूकडून लिहून घेऊ नका. प्रशिक्षित गुणलेखक नेमा, त्याला मानधन द्या. फलंदाजीची आणि गोलंदाजीची बेरीज जुळल्याशिवाय पंचांनी सही करायची नाही. ही पत्रकं चुकली तर वर सांगितलेली निवडीची सगळी पद्धतच कोसळते.

पंच म्हणून संघाचा बारावा खेळाडू उभा करणं बंद करा. राज्य पॅनेलच्या परीक्षेला दर वर्षी दोघांना तरी बसवा.

तेरा वर्षांखालच्या मुलांच्या हातात मोठ्यांचा चेंडू देऊ नका. नियमांत त्यांच्यासाठी १३३ ते १४४ ग्रॅमचा चेंडू आहे, मोठ्यांचा १५६ ते १६३ ग्रॅमचा.

मुलगा कोणत्या संघटनेत येतो हे पालकांना पहिल्याच दिवशी सांगा. एका राज्यात तीन संघटना आहेत. ठाणे-पालघर मुंबईकडे, नागपूर-अमरावतीचा पट्टा विदर्भाकडे, रायगड-रत्नागिरीपासून मराठवाड्यापर्यंतचे जिल्हे महाराष्ट्राकडे. चुकीच्या दारात अर्ज करून वर्ष गेलेली मुलं मी पाहिली आहेत.

वयाच्या कागदांकडे डोळेझाक करणारा प्रशिक्षक मुलाचा मित्र नसतो. सोळा वर्षांखालच्या मुलांच्या डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून भारतीय क्रिकेट बोर्ड हाडांचं वय तपासतं. बोर्डाने २०२० मध्ये जाहीर केलं की खोटी जन्मतारीख स्वतःहून कबूल करणाऱ्यावर बंदी येणार नाही, पण पकडला गेला तर दोन वर्षं बाहेर. एक वर्ष चोरून मिळवलेली जागा खऱ्या वयाच्या कुठल्या तरी मुलाची असते, हे पालकांच्या बैठकीत मी दर वर्षी उभं राहून सांगतो. काही जण त्यावरून नाराज होतात. होऊ देत. जन्मदाखल्याची प्रत नोंदणीच्या दिवशीच घ्या आणि शाळेच्या दाखल्याशी ताडून बघा.

मुलींचा संघ राज्य संघटनेचं पत्र आल्यावर आठवड्याभरात जमवणं, ही चूक आता तरी करू नका. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत भारताच्या महिलांनी विश्वचषक जिंकला, तेव्हापासून मैदानावर चौकशी करायला येणाऱ्या मुली आणि त्यांचे आईवडील सगळीकडे दिसतात. सांगलीची स्मृती मानधना अकराव्या वर्षी महाराष्ट्राच्या एकोणीस वर्षांखालच्या संघात होती. म्हणजे नऊ-दहा वर्षांच्या मुलीला 'अजून लहान आहे' म्हणून परत पाठवायचं कारण नाही. आठवड्यातले दोन दिवस नेट मुलींसाठी राखून ठेवा, कपडे बदलायला खोली आणि चालू स्वच्छतागृह द्या. पंधरा वर्षांखालच्या मुलींचा संघ पुरा होत नसेल तर शेजारच्या जिल्ह्याशी बोलून एकत्र सामने लावा. पहिलं वर्ष चारच सामने झाले तरी त्यांची धावपत्रकं मुलांइतक्याच काळजीने जपून ठेवा.