'ब्लाइद स्पिरिट' बसवताय? मग या चुका टाळा

इंग्रज नाटककार नोएल कॉवर्डचं हे विनोदी नाटक वाचताना इतकं सोपं वाटतं की हौशी ग्रुप लगेच तालमी सुरू करतात. एकच दिवाणखाना, सात पात्रं, एक भूत आणि दोन बायकांच्या कात्रीत सापडलेला नवरा, अजून काय पाहिजे! आणि मग पहिल्या रनथ्रूला कळतं की हशाच येत नाहीये. आमचं अगदी असंच झालं होतं, म्हणून कळकळीने लिहितेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चार्ल्स हा लेखक, त्याला कादंबरीसाठी मटेरियल पाहिजे म्हणून मादाम अर्काटी नावाच्या बाईंना घरी बोलावून मृतात्मे बोलवायची बैठक करतो आणि सात वर्षांपूर्वी वारलेली त्याची पहिली बायको एल्विरा खरंच येते. ती फक्त त्यालाच दिसते आणि ऐकू येते, दुसरी बायको रूथ तिथेच उभी असून तिला काहीच पत्ता नाही.

सगळ्यात मोठी चूक होते ती नजरेची. रूथ करणाऱ्या मुलीची नजर एकदा, फक्त एकदा एल्विराकडे गेली ना, की भूत संपलं. आमच्याकडे फुलांच्या भांड्याच्या सीनला हे झालं. चार्ल्स पुरावा म्हणून एल्विराला भांडं उचलायला सांगतो आणि रूथला ते हवेत तरंगताना दिसतं. आमची रूथ भांड्याकडे बघायची पण मधेच तिची नजर उचलणारीच्या चेहऱ्यावर जायची, साहजिकच आहे, समोर माणूस उभा आहे. मग आम्ही एल्विराला बाजूला केलं, भांडं काठीला बांधून विंगेतून फिरवलं आणि चार तालमी रूथने फक्त भांड्याच्या काठावर नजर ठेवली, त्यानंतर एल्विरा परत आली तरी नजर हलली नाही. आणि भुताला भूत म्हणून चालवू नका प्लीज, धूर, हिरवा लाइट, चिरका आवाज काही नको. एल्विरा ही लाडावलेली, हट्टी बायको आहे, माहेरून परत आल्यासारखी सोफ्यावर पसरते, मजा त्यात आहे.

दुसरी चूक भाषांतरात होते. चार्ल्स एल्विराला गप्प बस म्हणतो आणि रूथला वाटतं आपल्यालाच म्हणाला, हे मराठीत मस्त जमतं कारण दोघीही 'तू'. पण डॉक्टर ब्रॅडमन आणि त्यांची बायको समोर असताना तो 'गप्प बस' म्हणाला तर त्यांचा गैरसमज होऊच शकत नाही, ते 'तुम्ही' आहेत. इंग्रजीत 'तू' आणि 'तुम्ही' एकच, आपल्याकडे क्रियापदच चुगली करतं, म्हणून अशी वाक्यं क्रियापद न वापरता करावी लागतात, 'पुरे आता!' असं काहीतरी. प्रत्येक ओळ तपासा, खरंच.

वेगाचंही तसंच. बबन प्रभूंच्या फार्सवर वाढलेले आपण, दारं आपटली, धावपळ झाली की फार्स असं डोक्यात बसलेलं असतं. इथे धावपळ अजिबात नाही, मारामारी सगळी वाक्यांची आहे आणि वाक्य पडायच्या आत पुढचं उचललं गेलं पाहिजे. धावते ती फक्त एडिथ, घरची मोलकरीण, आणि रूथ तिला सारखी हळू चाल म्हणून सांगते. हा रोल उरलेल्या कुणालातरी देऊन टाकू नका! शेवटी सगळ्याची किल्ली तिच्याकडेच निघते, तिच्यातल्या शक्तीनेच भुतं आलेली असतात, त्यामुळे ती आधीपासून लक्षात राहिली पाहिजे.

अर्काटीला वेडी बाई करू नका, तिचा स्वतःच्या कामावर पूर्ण विश्वास आहे. मार्गारेट रदरफर्डनी मूळ नाटकात आणि १९४५ च्या सिनेमात ती केली, सिनेमा जरूर बघा, पण शेवट तिथून उचलू नका. सिनेमात चार्ल्स मरतो. नाटकात तो दोन्ही भुतांना मागे ठेवून घराबाहेर पडतो.

हो, तोवर रूथही मेलेली असते, एल्विराने चार्ल्सला मारून आपल्याकडे ओढायला बिघडवलेल्या गाडीत. इथे काहीजण करुण म्युझिक लावतात. नका लावू. मे १९४१ मध्ये लंडनवर बॉम्ब पडत असतानाच्या त्या दिवसांत कॉवर्डने आठवड्याभरात हे लिहिलं, जुलैत लंडनला लागलं आणि १,९९७ प्रयोग झाले. मरण रोज दारात असलेली माणसं येऊन हसत होती, आपण कशाला रडवायचं?

परवानगी मात्र घ्या. कॉवर्ड १९७३ मध्ये गेला, आपल्याकडे कॉपीराइट २०३३ अखेरपर्यंत आहे.

आणि नाटकाच्या शेवटच्या मिनिटाला भुतं वस्तू पाडतात, फोडतात, त्याची तयारी रंगीत तालमीवर ढकलू नका. प्रत्येक वस्तूला वेगळा तंगूस (नायलॉनचा बारीक, न दिसणारा दोरा), प्रत्येक तंगुसाला वेगळा माणूस, आणि कोणती वस्तू कुठल्या वाक्यावर पडणार ते विंगेत मोठ्या अक्षरात लिहून चिकटवा.