गहू निसवलाय, आता पानातली साखर दाण्यात उतरू द्या

राम राम मंडळी. कोरेगाव, तासगाव, कऱ्हाड, वाळवा कुठलंही शिवार घ्या, ऊस तुटून गेल्यावर डिसेंबरात गहू टाकणारे आपण बरेच जण आहोत, ऊसतोडीची टोळी कधी येणार ते काय आपल्या हातात नसतंय, त्यामुळं पेरणी लांबती आणि दाणा भरायची वेळ नेमकी मार्चच्या उन्हात घावती. आत्ता कुणाचा गहू पोटरीत आहे, म्हणजे ओंबी अजून पानाच्या पोटात आहे, कुणाचा निसवलाय, म्हणजे ओंबी बाहेर पडलीय, आणि याच टायमाला लोक म्हणतात ओंबी आली, झालं आता, आणि पाणी उसाच्या खोडव्याकडं, म्हणजे तुटलेल्या उसाच्या नव्या फुटव्याकडं फिरवतात. घोळ इथंच होतोय.

ओंबी आली म्हणजे नुसती पोती शिवून झाली, माल अजून भरायचाय. माल म्हणजे साखर, तीच सुक्रोज जी आपल्या उसात असती. ऊस ती कांड्यात साठवतो, गहू ती दाण्यात नेऊन तिचा स्टार्च करतो, एवढाच फरक. पण ती पानातून आपोआप वाहत जात नाही, पेशीच्या पडद्यात त्यासाठी प्रोटीनची दारं असतात. एक जात स्वीट नावाची, २०१० साली सापडली, ही नुसती उघडी फाटकं, साखर जिकडं कमी तिकडं जाऊ देतात. दुसरी जात सुट, ही खरी हमाल. पानाच्या शिरेतल्या नळीत आधीच साखर दाटलेली असती तरी अजून कोंबायची, म्हणजे फळीवरनं ट्रॉलीत मोळी चढवल्यासारखं चढाचं काम. त्याची ताकद कुठनं येती तर पेशी आधी स्वतःचा खर्च करून प्रोटॉन बाहेर ढकलती, आणि तो प्रोटॉन परत आत घुसताना साखरेचा एक कण बरोबर घेऊन येतो. नळीत साखर दाटली की ती पाणी ओढती, दाब चढतो, आणि त्या दाबानं रस ओंबीकडं पळतो. आता रानात पाणीच नसलं तर दाब कुठला चढणार?

गव्हाचा दाणा हातात घेऊन बघा, पोटावर खाच असती ना, साखर त्या खाचेतल्या शिरेतूनच आत उतरती. दोन वर्षांमागं आमचा डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर जळाला, दहा-बारा दिवस मोटर बंद, खालचं अर्धं रान आधीच भिजलेलं आणि वरचं कोरडं. चिकात आलेला दाणा नखानं दाबला तर खाली दुधाचा टपोरा थेंब यायचा, वर नुसतं नख ओलं व्हायचं. मळणीला वरच्या गव्हाची खाच एवढी खोल आणि दाणा असा सुरकुतलेला की व्यापाऱ्यानं मुठीत घेतला आणि परत ढिगात टाकला, बोलला पण नाही.

म्हणून फुलोरा ते चीक भरेपर्यंत रान तडकू देऊ नका. वेळेवर पेरलेल्याला साठ-पासष्ट दिवसांचं आणि ऐंशी-पंच्याऐंशी दिवसांचं पाणी चुकवायचं नाही, उशिराच्या गव्हाला दिवस मोजत बसू नका, ओंबी आणि दाणा बघून द्या. पाणी हलकं, संध्याकाळी, आणि वारं सुटलं असंल तर अजिबात नको, गहू लोळला की ताटाला, म्हणजे काडीला मुरड पडती आणि ताटात साठवलेली साखरही नीट वर चढत नाही. पाणी दिलं म्हणजे सगळं भागलं असंही नाही, पारा तिशीच्या वर गेला की साखरेचा स्टार्च करणारं दाण्यातलं एन्झाइमच ढिलं पडतं, त्यावर खरा उपाय पुढच्या वर्षी पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात आणणं हाच.

साखर नळीत चढवायला पालाश, म्हणजे पोटॅश लागतं, आणि आपण पोटॅश टाकायला कायम कंजूषपणा करतो. पेरताना एकरी २५-२७ किलो एमओपी (म्युरेट ऑफ पोटॅश) टाकलं असंल तर उत्तम, नसंल तर आता ५५ ते ७० दिवसांच्या दरम्यान १९:१९:१९ हे विरघळणारं खत लिटरभर पाण्याला २० ग्रॅम घेऊन फवारा. युरिया आता नको, नुसता हिरवा राहतोय.

ओंबीखालचं वरचं पान मात्र जिवापाड जपा, दाण्याची मोठी कमाई त्याच पानाची. मावा ही बारीक कीड सोंड थेट त्या साखरेच्या नळीत खुपसून बसतो, पानावर चिकटा दिसतो तो आपलाच माल. तांबेऱ्याची बुरशीही पेशीत शिरून साखरच खाती. गंमत म्हणजे गव्हात एलआर-६७ नावाचं तांबेऱ्याला दाद न देणारं जनुक आहे, २०१५ ला त्याची उकल झाली तर ते निघालं साखर वाहणाऱ्या प्रोटीनचंच, फक्त दोन जागी बदललेलं! तांबेऱ्यावर काम करणारं संशोधन केंद्र आपल्याच महाबळेश्वरला आहे, त्यामुळं ही काय लांबची गोष्ट नाही. पानावर नारिंगी पावडर बोटाला लागली तर प्रोपिकोनॅझोल २५ ईसी हे बुरशीनाशक लिटरभर पाण्याला १ मिली, वाट बघत बसू नका. मावा थोडा असंल आणि मावा खाणारे ढालकिडे फिरत असतील तर चार दिवस थांबलं तरी चालतंय.

आणि पाणी तोडायचं कधी, तर दाणा दाताखाली कट्ट वाजायला लागला की. तोवर खोडव्याला म्हणावं दम धर.